दहा थेंबांच्या खिडक्या

थेंबवालीला राग यायला कारण लागत नसे. मिळालं तर बरंच, नाही तर ती शोधून काढायची. लिफ्ट बंद आहे म्हणून राग. लिफ्ट सुरू झाली पण आतला आरसा पुसलेला नाही म्हणून राग. आरसा पुसलाय पण मळक्या फडक्यानं पुसलाय म्हणून त्याहून मोठा राग. तिच्या हाताखाली शिकून गेलेल्या मुली म्हणायच्या, "बाईंच्या टाळूवर चहाचं भांडं ठेवलं तर उकळी फुटेल." हात मात्र असे शांत, की पिपेटच्या टोकाला लोंबणारा थेंब तिच्या परवानगीशिवाय खाली पडत नसे.

हे हात बापाकडून आलेले. बाप घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून, तोंडानं गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, चिमट्यानं केसाएवढी स्प्रिंग बसवायचा. राग तोंडात ठेवायचा, बोटांत उतरू द्यायचा नाही. एवढी एकच इस्टेट त्यानं लेकीच्या नावावर केली.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून डावीकडे, जंतूंची प्रयोगशाळा. तिथे ती सव्वीस वर्षं टेक्निशियन. 'थेंबवाली' हे नाव वॉर्डांनी पाडलं. दर सोमवारी सकाळी ती निर्जंतुक बाटल्यांची जाळी घेऊन खाली उतरायची. फरशी पुसायच्या बादलीत जंतुनाशकाचं पाणी कालवलेलं असतं, त्यातलं थोडंसं बाटलीत घ्यायची आणि वर येऊन प्लेटवर, म्हणजे जंतूंचं खाद्य थिजवलेल्या झाकणाच्या बशीवर, दहा थेंब टाकायची. पाण्यात जंतू जिवंत असतील तर थेंबाच्या जागी ठिपका उगवतो. दहातले पाच उगवले की पाणी नापास. त्याच्या आत असले तर पास. "आमच्या पोरांच्या परीक्षा यापेक्षा अवघड असतात हो," असं वॉर्डातल्या आया म्हणायच्या. तीही हसायची, मूड असला तर.

हे काम तिला मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे तिच्या आधीचे टेक्निशियन; चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आवाज बसलेला. तेव्हा हॉस्पिटलात काळं फिनाईल होतं. मास्तर सांगायचे, "हे बघ पोरी, थेंबाबरोबर औषधही प्लेटवर जातं. ते तिथे जाऊन जंतूंना दाबून धरतं. जंतू उगवत नाहीत आणि तुला वाटतं, मेले. म्हणून आधी औषधाची नांगी मोडायची, मग थेंब टाकायचा." काळ्या फिनाईलची नांगी मोडणं सोपं होतं. बादलीतलं एक भाग पाणी नऊ भाग ब्रॉथमध्ये घातलं की झालं. ब्रॉथ म्हणजे जंतूंना पोसणारं पातळ सूप. त्यात पातळ झालं की फिनाईल गपगार. मास्तर निवृत्त झाले, वर्षभरात गेलेही. त्यांची पद्धत राहिली. भिंतीवर त्यांच्याच अक्षरातला कागद, कोपरे पिवळे पडलेला.

तीन वर्षांपूर्वी काळं गेलं आणि निळं आलं. निळ्यानं नाक चुरचुरत नाही, कपड्यावर डाग पडत नाही, खोलीत शिरलं की फुलांच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. कंपनीचा माणूस गुळगुळीत कागद वाटून गेला. त्यावर लिहिलं होतं, शंभरातले नव्व्याण्णव पूर्णांक कितीतरी जंतू मरतात. कुठले जंतू, कसल्या पाण्यात, किती वेळात, हे तळाशी मुंगीच्या अक्षरात होतं. थेंबवालीनं दर सोमवारी निळं तपासलं. दर सोमवारी पास. काळं निदान वर्षातून दोनदा नापास व्हायचं, निळं एकदाही नाही. कधीच नापास न होणारं पोर कॉपी करत असतं, हे तिला तेव्हाच सुचायला हवं होतं.

तळमजल्यावर भाजलेल्यांचा वॉर्ड. तिथली फरशी पुसणारी बाई म्हणजे मावशी. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं. ठेंगणी, रुंद, चालताना बादलीच्या बाजूला कललेली, कारण बावीस वर्षं बादली उजव्याच हातात. पेशंटना दम द्यायची, डॉक्टरांना "पाय उचला" म्हणायची, आणि ओल्या फरशीवर कुणी पाऊल टाकलं तर त्याच्या बुटांशी बोलायची: "अरे बाबांनो, तुमच्या मालकाला डोळे नाहीत का?"

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी मावशी म्हणाली होती, "बाई, फडक्याला वास मारतोय."

"कसला वास?"

"गोडसर. द्राक्षं पिकून फुटली की येतो तसा."

"निळ्यात कंपनीनं सुगंध घातलाय, तो असेल."

"तो मला ठाऊक आहे. हा निराळा. सकाळी वाळत घातलेलं फडकं उचललं की येतो."

"प्लेट स्वच्छ आहे, मावशी. तुमचं फडकं धड वाळत नसेल."

पुढेही चार-पाच वेळा मावशी तेच बोलली. एकदा सिस्टरसमोर, चार आयांसमोर थेंबवालीनं तोंड सोडलं: "नाकानंच जंतू कळत असते तर मला इथे कशाला ठेवलं असतं? तुमचं नाकच बसवलं असतं ना वरती खुर्चीत!" सगळ्या खो खो हसल्या. मावशी हसली नाही. तिनं फडकं पिळलं आणि खाटेखाली वाकली. त्यानंतर वासाचा विषय निघाला नाही.

या वर्षी त्या वॉर्डात एकामागोमाग एक अकरा पेशंटच्या जखमांत एकच जंतू निघाला. थेंबवालीनंच तो प्लेटवर वाढवला, त्याच्यावर बारा औषधांच्या चकत्या ठेवल्या. एकाही चकतीभोवती तो मागे हटला नाही. रिपोर्टवर बारा औषधांपुढे बारा वेळा 'आर' लिहावं लागलं. आर म्हणजे औषधाला दाद न देणारा. अकरांतले दोघं घरी गेले नाहीत. एक बेकरीतला भट्टीवाला, आणि एक सातवीतली मुलगी, जी ड्रेसिंगच्या वेळी मोठ्यानं पाढे म्हणायची.

मग चौकशी. आणि त्या सोमवारी मावशीच्या हातात नोटीस. गुरुवारी अकरा वाजता समितीपुढे हजर राहायचं, कामावरून काढून का टाकू नये ते सांगायचं. मावशीनं ती घडी करून कमरेला खोचली होती. थेंबवाली बाटल्या घेऊन आली तेव्हा तिनं ती उपसली आणि तिच्या नाकासमोर धरली.

"वाच. तूच वाच. मला चष्मा नाही."

बावीस वर्षांत पहिल्यांदा मावशी तिला 'तू' म्हणाली. थेंबवालीनं वाचलं. 'जंतुनाशक द्रावण दर आठवड्याच्या तपासणीत समाधानकारक आढळले असल्याने, दोष साफसफाईच्या कामातील हलगर्जीपणाचा असल्याचे दिसते.' खाली जोडपत्र: तीन वर्षांचे रिपोर्ट. प्रत्येकावर तिची सही.

"तुझ्या थेंबांनी खाल्लं मला," मावशी म्हणाली.

"थेंब खोटं बोलत नाहीत. पाणी चांगलं आहे तर चांगलंच लिहिणार. तुम्ही पुसताना..."

"काय मी पुसताना? बोल ना! गुडघे झिजले माझे. त्या पोरीच्या खाटेखाली दिवसातून चारदा गेले मी. ती वर पाढे म्हणायची आणि मी खाली पुसायचे. सतराचा पाढा मला आत्ता या वयात पाठ झालाय, ऐकवू? आणि म्हणे हलगर्जी!"

सिस्टर मधे पडली. थेंबवाली बाटली भरून तरातरा वर आली. तिला मावशीचा राग आला होता, नोटीस लिहिणाऱ्याचा आला होता, जिन्याचासुद्धा आला होता. टेबलावर प्लेटींच्या दोन चळती होत्या. डावीकडे कोऱ्या प्लेटी. उजवीकडे भाजलेल्यांच्या वॉर्डातला तो जंतू बोळ्यानं अखंड सारवलेल्या प्लेटी, औषधांच्या चकत्या ठेवण्यासाठी तयार केलेल्या. सारवलेली प्लेट आणि कोरी प्लेट दिसायला सारखीच. उगवेपर्यंत फरक कळत नाही. बापाची शिकवण त्या दिवशी पहिल्यांदा मोडली. राग बोटांत उतरला. तिनं भाजलेल्यांच्या वॉर्डाची बाटली ब्रॉथमध्ये पातळ केली, हात लांबवून प्लेट ओढली, दहा थेंब टाकले, उबदार पेटीत ठेवली आणि दार आपटलं.

मंगळवारी सकाळी चकत्यांच्या प्लेटींत एक कमी भरली. थेंबवालीनं सगळ्यांवर आगपाखड केली आणि मग पेटी उघडली. हरवलेली प्लेट तिच्याच थेंबांच्या प्लेटींत होती. काठापासून काठापर्यंत हिरवट साय धरल्यासारखा जंतू माजलेला. आणि त्या सायीत दहा गोल, स्वच्छ, आरपार खिडक्या. जिथे जिथे तिनं थेंब टाकला होता, तिथे तिथे काहीच नाही.

आधी तिला आपल्या चुकीचं हसू आलं. प्लेट फेकायला ती डब्याकडे वळलीही. मग हात मधेच थांबला.

थेंबात औषध उरायला नको होतं. नांगी मोडून टाकलेला थेंब होता तो. मग त्या थेंबाखाली या जंतूला कुणी उगवू दिलं नाही?

तिनं प्लेट उजेडाकडे धरली. खिडक्यांतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसत होती, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी. नांगी मोडलेलीच नव्हती. काळ्याची मोडत होती, निळ्याची नाही. निळं ब्रॉथमध्ये पातळ होऊनही जागं राहत होतं, थेंबात बसून प्लेटवर येत होतं आणि जंतूंना तिथेही दाबून धरत होतं. बादलीत जंतू मेले होते की नुसते गुंगीत पडले होते, हे तिची प्लेट सांगूच शकत नव्हती. तीन वर्षं ती प्लेट निळ्याच्या तालावर नाचत होती, आणि ती खाली सही करत होती. समाधानकारक. समाधानकारक. समाधानकारक.

रसायनांच्या कपाटात वरच्या फळीवर, हात पोचत नाही तिथे, एक न फोडलेलं खोकं होतं. स्टुलावर चढून तिनं ते काढलं. आत पिवळसर पूड आणि तेलकट द्रव, आणि घडी घातलेला कागद: निळ्याची तपासणी करताना नांगी मोडायला हे वापरावे. अंड्याच्या बलकात जो चिकट पदार्थ असतो, त्याच जातीची ती पूड. निळं आलं त्याच आठवड्यात हेही आलं होतं. खोक्यावर चिठ्ठी चिकटवलेली, 'मिळाले', आणि तारीख. अक्षर तिचं स्वतःचं.

ती स्टुलावर उभी राहिली आणि स्वतःला इतकी घाण शिवी दिली, की शेजारच्या खोलीतली मुलगी धावत आली. "काय झालं बाई?"

"काही नाही. काम कर. आणि माझ्याकडून काही शिकू नकोस."

त्याच दिवशी तिनं तळमजल्यावरून पुन्हा पाणी आणलं. मावशीनं तोंड फिरवलं तरी वाळत घातलेल्या फडक्याचा एक कोपराही बाटलीत पिळून घेतला. वर येऊन दोन ओळी मांडल्या. एक मास्तरांच्या पद्धतीनं, नुसत्या ब्रॉथमध्ये. दुसरी त्या पिवळ्या पुडीच्या ब्रॉथमध्ये. प्रत्येक प्लेटवर मागच्या बाजूनं पेनानं खूण केली, दोनदा वाचली. तिच्या बोटांवर आता तिचाही भरवसा नव्हता.

बुधवारी सकाळी मास्तरांच्या पद्धतीच्या प्लेटी कोऱ्या करकरीत. पुडीच्या प्लेटींवर बादलीचे दहापैकी आठ उगवलेले. फडक्याचे दहाच्या दहा, एकमेकांत मिसळून गेलेले, हिरवे, चिकट. तिनं झाकण उचललं.

पिकून फुटलेल्या द्राक्षांचा वास.

आणि हा वास तिला ठाऊक होता! सव्वीस वर्षं ठाऊक होता. हा जंतू प्लेटवर वाढला की असाच वास सोडतो. मुलींना पहिल्याच महिन्यात ती शिकवायची, "बघा, हा गोडसर वास आला की ओळखायचं कोण आहे ते." तोच वास मावशीनं शब्दाला शब्द सांगितला होता. फरक एवढाच, की प्लेटमधून आला तर ते ज्ञान, आणि फडक्यातून आला तर अडाणीपणा.

त्या दुपारी ती प्लेटी घेऊन साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर. त्यांच्या कोटाची इस्त्री अशी कडक, की वॉर्डात त्यांना 'पापड' म्हणत. त्यांनी प्लेटी पाहिल्या, खुर्ची मागे सरकवली.

"पुढच्या सोमवारपासून बरोबर करा."

"आणि मागचे?"

"मागचे मागे गेले. उकरून काय मिळणार?"

"मागच्यांच्या जोरावर उद्या मावशीला घालवताय तुम्ही."

"हे बघा, मी तिची दुसरीकडे सोय करायला सांगतो. धोबीखान्यात. नोटीस राहील, पण नोकरी जाणार नाही. तुमचंही झाकून जाईल."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर सुळीला गादी लावायची?"

"बाई, आवाज खाली. ते रिपोर्ट तुमच्या सहीचे आहेत. माझी सही कुठेही नाही."

"तेच तर! तीन वर्षांत एकदा तरी टेबलाशी येऊन बघितलंत का, मी काय करते ते? कंपनीच्या माणसाबरोबर चहा प्यायला वेळ होता."

पापड मोडला नाही. नुसता म्हणाला, "नीट विचार करा. बुडाल तुम्ही."

घरी तिचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. तिनं पिशवी आदळली तेव्हाच त्यानं मशीन थांबवलं. सगळं ऐकलं. मग गळ्यातली टेप काढून हातात घेतली आणि म्हणाला, "अगं, ऐक. मागे माझी टेप वापरून वापरून ताणली होती, आठवतंय? अख्ख्या शाळेचे गणवेश ढगळ शिवले. आणि तपासत होतो त्याच टेपनं, म्हणून मला सगळे बरोबर दिसत होते. होतं असं माणसाकडून."

"तुमच्या टेपनं चड्ड्या ढगळ झाल्या हो! माझ्या टेपनं माणसं गेली!"

त्यानं टेप बोटांभोवती गुंडाळली. मग हळूच म्हणाला, "दोघं तुझ्यामुळेच गेली असं थोडंच आहे."

"ते मला कळणारच नाही ना! तीच तर आग आहे." ती भाजी चिरावी तशी पिशवीची चेन ओढत होती, उघड, बंद, उघड. "मावशीनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी कपाट उघडलं असतं तर? हा 'तर' मी कुठल्या प्लेटवर वाढवू?"

"मग उद्या?"

"उद्या बोलणार. बुडवतील तर बुडवू देत."

"बोल," तो म्हणाला. "फक्त शिव्या कमी दे. शिव्या दिल्यास की लोकांना शिव्याच आठवतात."

गुरुवारी अकराला लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सहा खुर्च्या. मधे अधीक्षक, म्हणजे हॉस्पिटलचे मुख्य. पापड त्यांच्या उजवीकडे. मावशीला दाराशी उभं केलेलं, हात पोटावर बांधलेले, कामाचा झगा धुवून घातलेला. थेंबवालीला बोलावणं नव्हतं. ती तशीच आत गेली आणि चिकटपट्टीनं बंद केलेल्या प्लेटी टेबलावर मांडल्या, पत्ते मांडावे तशा.

"हे काय?" अधीक्षक.

"जोडपत्र, साहेब. तुमचं जोडपत्र खोटं आहे. माझे तीन वर्षांचे रिपोर्ट चुकीचे आहेत. सगळे."

तिनं सांगितलं. खिडक्यांची प्लेट दाखवली, कोरी दाखवली, उगवलेली दाखवली. खोकं, कपाट, चिठ्ठीवरचं अक्षर, काहीही राखून ठेवलं नाही. निळं त्या जंतूला झोपवतं, मारत नाही. आपल्या नळाच्या जड पाण्यात आणि सुती फडक्यात तर निळ्याचा उरलासुरला जोरही जातो. फडकं पाण्यात खळबळलं की जंतू डोळे चोळत उठतो आणि दुसऱ्या खाटेखाली पोचतो. मावशी जेवढं जास्त पुसत होती तेवढं ती त्याला फिरवत होती. हे शेवटचं बोलताना तिचा आवाज फाटला, कारण दाराशी मावशीचे बांधलेले हात सुटले होते.

"म्हणजे तीन वर्षं तुम्ही झोपला होता?" अधीक्षक म्हणाले.

"हो. मी झोपले होते, हे साहेब झोपले होते, खरेदी करणारे झोपले होते. ही एकटी जागी होती. दोन वर्षांपूर्वी हिनं वास सांगितला. मी हिला चारचौघांत हसले."

पापड खाकरला. "विषय भावनिक होतोय. तांत्रिक त्रुटी होती, ती दुरुस्त..."

"त्रुटी नाही म्हणायचं!" टेबलावरची पाण्याची बाटली हलली. "त्रुटी म्हटलं की कुणाची नाही असं वाटतं. माझी चूक आहे. माझी, असं लिहा. आणि हिच्या नोटिशीवर रेघ मारा. आत्ता, माझ्यासमोर. आणि आजपासून त्या वॉर्डात निळं बंद करा. मी दुसरं काहीतरी शोधून, याच जंतूवर, याच नळाच्या पाण्यात, याच फडक्यानं तपासून देते. तोवर मी इथून हलत नाही."

शिव्या तिनं एकही दिली नाही. नवऱ्याला नंतर ते पटलं नाही.

अधीक्षकांनी मावशीकडे पाहिलं. "तुम्हाला काही बोलायचंय?"

"मला खुर्ची द्या," मावशी म्हणाली. "वीस मिनिटं उभी आहे. गुडघे दुखतात."

कुणीतरी उठलं. मावशी बसली. एवढंच बोलली ती त्या बैठकीत.

नोटिशीवर रेघ पडली. निळं वॉर्डातून गेलं. भांडारात बसून राहिलं, इतर वॉर्डांत अजूनही आहे, आणि त्यावरून थेंबवाली आजही दर आठवड्याला एक पत्र लिहिते. तिला स्वतःला शेरा मिळाला. वर्षभर तिच्या रिपोर्टवर तिची एकटीची सही चालणार नाही, खाली पापडाची हवी. पहिल्या दिवशी त्यानं न वाचताच सही ठोकली. तिनं कागद परत त्याच्यापुढे सरकवला. "वाचा," म्हणाली. तो वाचेपर्यंत उभी राहिली.

बैठकीनंतर जिन्यात तिनं मावशीला गाठलं. काय बोलायचं ते ठरवून आली होती. मावशीनं बोलूच दिलं नाही.

"माफीबिफी काही मागू नकोस. नोकरी माझी होती, ती माझ्याकडेच राहिली. तू काही दिलं नाहीस मला. दोन वर्षं ओरडत होते तेव्हा कान कुठे गहाण टाकले होतेस? आता मला काय सांगितलंस तिथे, सगळ्यांसमोर? मी फिरवत होते त्याला? त्या पोरीच्या खाटेखाली मीच नेऊन ठेवला?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, मावशी."

"तुला माहीत होतं का?"

"नव्हतं."

"मग तू कसली बाई आणि मी कसली मावशी!" असं म्हणून ती खाली उतरली, कठड्याला धरून, एकेक पायरी.

त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी थेंबवाली जाळी घेऊन तळमजल्यावर आली. वॉर्डात नवं औषध होतं, नाकाला झोंबणारं. तिनं ते आठवडाभर त्या हिरव्या जंतूवर तपासून घेतलं होतं, नळाच्या पाण्यात, सुती फडक्यात, पिवळ्या पुडीसकट, तीनदा. दहापैकी एकही थेंब उगवला नव्हता. तरी तिचा विश्वास बसत नव्हता. मावशी बादलीशी उभी होती. सिस्टर कपाट लावायचं सोडून बघत राहिली.

थेंबवालीनं बाटलीचं बूच काढलं.

"आधी वास घे," मावशी म्हणाली, आणि वाळलेलं फडकं तिच्या तोंडासमोर धरलं.

प्रयोगशाळेत कुणी असं नाक टेकवून वास घेतला असता तर थेंबवालीनं त्याला दाराबाहेर काढलं असतं. तिनं तोंडावरचा मास्क खाली केला आणि वाकली.

"नाही येत," ती म्हणाली.

"आण इकडे." मावशीनं स्वतः फडकं हुंगलं, वरून, खालून, जिथे दोरे जाड होते तिथे बोटानं उकलून. "आज नाही. उद्या ओलं राहिलं तर सांगता येणार नाही."

थेंबवालीनं रजिस्टर उघडलं. रविवारी बसून तिनं त्यात पट्टीनं एक नवा रकाना आखला होता, तारीख आणि थेंब यांच्या मधे. वर लिहिलं होतं, 'वास'. तिनं लिहिलं, 'नाही'. आणि रजिस्टर मावशीपुढे धरलं.

"काय?"

"सही. वास तुमचा, सही तुमची."

"चष्मा नाही."

"इथे. माझ्या बोटाच्या वर."

मावशीनं हात झग्याला पुसले. पेन मुठीत धरून, तीन पानं खालपर्यंत वळ उठतील इतकं दाबून, तिनं आपलं अख्खं नाव लिहिलं. मग रजिस्टर परत दिलं, बादली उजव्या हातात घेतली आणि पहिल्या खाटेकडे वळली.

पेन तिनं परत दिलं नाही.